चिपमधली शक्ती आणि मण्याचा दृष्टांत

उत्पादकाने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने चालवणे याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. बेताच्या पैशांत सुटे भाग घेऊन संगणक असेंबल करणाऱ्यांत हा प्रकार रुजला, कारण स्वस्त चिपकडून महाग चिपचे काम काढून घेण्याची ती वाट होती. भागांची निवड ही वरवर बाजारहाटाची बाब दिसते. पण तिच्या मुळाशी भारतीय दर्शनांत शतकानुशतके वादाचा राहिलेला प्रश्न आहे: कार्य घडण्याआधी ते आपल्या कारणात असते की नसते? खोक्यावर न छापलेला वेग चिपमध्ये आधीपासून होता, की जुळणी करणाऱ्याने तो नव्याने घडवला? कोणता भाग घ्यावा, तो किती ताणावा आणि मिळालेल्या वेगावर हक्क कोणाचा, या तिन्ही गोष्टी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात.

तीनशेची चिप

या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण १९९८ सालचे आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर घाऊक दराने १४९ डॉलरला बाजारात आणला. त्याच वेळी आलेल्या पेंटियम टू ४५०ची किंमत ६६९ डॉलर होती. प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो: मदरबोर्डवरच्या बसचा वेग आणि चिपमधला गुणक. सेलेरॉनसाठी बस ६६ मेगाहर्ट्झची आणि गुणक साडेचार, म्हणून वेग ३००. गुणक कंपनीने कुलूपबंद केला होता. बसचा वेग मात्र मदरबोर्डच्या हाती होता. तो १०० केला की तीच चिप ४५०वर जाई.

दुसरी गोष्ट कॅशची, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान स्मृतीची. सेलेरॉन ३००एमध्ये दुसऱ्या पातळीचा १२८ किलोबाइटचा कॅश चिपवरच होता आणि तो प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले. पेंटियम टूचा कॅश ५१२ किलोबाइटचा, पण चिपबाहेरचा आणि निम्म्या वेगाचा. त्यामुळे ४५०वर नेलेला सेलेरॉन अनेक गेम्समध्ये चौपटीहून महाग पेंटियमला गाठत असे. त्याच वर्षी आधी आलेला सेलेरॉन २६६ही ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ताणता येई. पण त्यात दुसऱ्या पातळीचा कॅशच नव्हता, म्हणून वेग वाढूनही तो लंगडाच राहिला.

हे करायला लागणारी हत्यारे मामुली होती. अ‍ॅबिट बीएच६सारख्या मदरबोर्डवर जंपर न हलवता बायोसच्या पडद्यावरूनच बसचा वेग निवडता येई. ज्या बोर्डवर ती सोय नव्हती, तिथे लोक प्रोसेसरच्या कार्डावरची बी२१ क्रमांकाची संपर्कपट्टी नखाएवढ्या चिकटपट्टीने झाकत. पट्टी झाकली की बोर्डला वाटे, ही चिप १०० मेगाहर्ट्झच्या बसची आहे. चिप तीच, सिलिकॉन तेच; मध्ये फक्त चिकटपट्टीचा एक तुकडा, आणि ३००चे ४५० होत.

तीळ आणि वाळू

सांख्यांचे म्हणणे असे की कार्य कारणात आधीपासूनच असते. याला सत्कार्यवाद म्हणतात. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत त्यासाठी पाच युक्तिवाद दिले आहेत. त्यांतला नेहमीच्या अनुभवातला युक्तिवाद असा: जे मुळात नाही ते कोणालाही निर्माण करता येत नाही, आणि कुठल्याही कारणातून कुठलेही कार्य निघत नाही. तेल हवे तर माणूस तीळ घेतो, वाळू घेत नाही. घाणा तेल निर्माण करत नाही. तिळात दडलेले तेल बाहेर काढतो. या मताने ४५०चा वेग सेलेरॉनमध्ये होताच, चिकटपट्टीने तो प्रकट झाला. पुरावाही त्याच बाजूचा दिसतो. ती चिप ४५०वर गेली, पण साध्या हवेच्या कूलरवर ९००वर कोणी नेऊ शकले नाही. तिळातून निघेल तेवढेच तेल निघते.

नैयायिक आणि वैशेषिक याच्या उलट बाजूला उभे राहतात. त्यांच्या मते कार्य हा नवा आरंभ आहे. घडण्याआधी त्याचा अभाव असतो. धागे असले म्हणजे कापड असते असे होत नाही. धागे हे समवायी कारण, धाग्यांचा संयोग हे असमवायी कारण आणि विणकर व माग ही निमित्त कारणे. हे सगळे जुळले की कापड जन्माला येते. कार्य आधीच असेल तर विणकराने माग कशासाठी चालवायचा, हा त्यांचा रोखठोक प्रश्न. सांख्य म्हणतात, प्रकट करण्यासाठी. नैयायिक लगेच विचारतात, ते प्रकट होणे आधी होते की नव्हते? होते म्हणाल तर श्रम वाया, नव्हते म्हणाल तर नवे काहीतरी घडले हे कबूल झाले.

संगणकाच्या बाबतीत नैयायिकांचा मुद्दा जड भरतो. ४५० मेगाहर्ट्झचा चालता संगणक दुकानातल्या कुठल्याही एका डब्यात नसतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस, कूलर हे वेगवेगळे पडलेले असताना त्यांतल्या कोणाकडेही तो वेग नसतो. तरीही सांख्यांची एक बाजू उरते. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या दोन सारख्या चिप्सपैकी एक ४५०वर रात्रभर चालते आणि दुसरी त्याआधीच अडते. बाकी सगळे भाग तेच ठेवूनही हा फरक राहतो. म्हणजे चिपमध्येच काहीतरी आहे, जे एकीत आहे आणि दुसरीत कमी आहे.

मणी आणि अग्नी

त्या ‘काहीतरी’ला मीमांसकांनी शक्ती असे नाव दिले आणि तिला वस्तूहून वेगळे मानले. त्यासाठी ते अग्नीचा दृष्टांत देतात. जळत्या अग्नीजवळ चंद्रकांत मणी ठेवला की अग्नी जाळत नाही, अशी जुनी समजूत होती. मणी ठेवल्यावरही अग्नी दिसायला जसाच्या तसा असतो. मग थांबले काय? मीमांसक म्हणतात, न दिसणारी दाहशक्ती नष्ट झाली. मणी उचलला की ती पुन्हा उपजते.

दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हे मत खोडून काढले. न्यायमत असे, की अदृश्य शक्ती मानायची गरजच नाही. मणी हा प्रतिबंधक आहे, आणि प्रतिबंधकाचा अभाव हासुद्धा कारणसामग्रीचाच एक घटक आहे. अग्नी, सरपण आणि अडथळा नसणे हे तिन्ही असले की दाह होतो. एक कमी पडला की होत नाही. मीमांसकांनी पुढची अडचण दाखवली: मणी जवळ असतानाही शेजारी सूर्यकांतासारखा उत्तेजक मणी ठेवला तर अग्नी जाळतो, याचे काय? नैयायिकांनी व्याख्या आणखी घट्ट केली. उत्तेजक नसताना जो मणी अडवतो, त्याचा अभाव हे कारण.

हा वाद चिपवर नेमका बसतो. प्रोसेसरमध्ये घड्याळाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात संकेताला एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर पोचावे लागते. ३०० मेगाहर्ट्झला ही मुदत ३.३३ नॅनोसेकंद असते, ४५०ला २.२२. सगळ्यांत लांबच्या वाटेवरचा संकेत या मुदतीत पोचला नाही की उत्तर चुकते. ट्रान्झिस्टर गरम झाले की मंदावतात, म्हणजे उष्णता हा प्रतिबंधक. व्होल्टेज वाढवले की ते चपळ होतात, म्हणजे व्होल्टेज हा उत्तेजक. कूलर अडथळा दूर करतो, बायोसमधला व्होल्टेजचा पर्याय उत्तेजक पुरवतो.

जुन्या दृष्टांतात नसलेली एक गाठ इथे आहे. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेलेरॉन २.० व्होल्टवरच ठेवून ३००वरून ४५०वर नेला तर हा खर्च दीडपट होतो. व्होल्टेज २.२ केले तर १.५ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे १.८ पट. ही सगळी वाढ उष्णता होऊन बाहेर पडते. सूर्यकांत मण्यानेच इथे नवा चंद्रकांत जन्माला घातला. म्हणून व्होल्टेज वाढवत राहिल्याने वेग वाढत राहत नाही. एका बिंदूनंतर उत्तेजक स्वतःच अडथळा होतो. त्याशिवाय जास्त प्रवाह आणि जास्त तापमान यांनी चिपमधल्या तारांतले धातूचे अणू हळूहळू सरकतात आणि चिपचे आयुष्य घटते.

कणगीतले बी, शेतातले बी

एकाच खोक्यातल्या दोन चिप्स वेगळ्या का निघतात, याचे उत्तर उत्पादनात आहे. एका गोल वेफरवर शेकडो चिप्स कोरल्या जातात आणि त्यांच्या ट्रान्झिस्टरच्या मापांत, मिसळलेल्या द्रव्यांत सूक्ष्म फरक राहतात. कारखान्यात चिप्स तपासून वेगवेगळ्या वेगांखाली वर्गवारी करतात. पण स्वस्त मालाला मागणी जास्त असली की वरच्या वर्गात बसणाऱ्या चिप्सही खालच्या वेगाची मोहर घेऊन बाहेर पडतात. छापलेला आकडा म्हणजे कंपनीचे आश्वासन आहे: इतक्या वेगाने ही चिप नक्की चालेल. याहून जास्त चालणार नाही, असे तो आकडा म्हणत नाही. न्यायाच्या भाषेत हे आप्तवाक्य, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याचे वचन, आहे आणि ते किमान मर्यादेविषयी आहे. ओव्हरक्लॉकिंगने आप्ताचे वाक्य खोटे ठरत नाही. त्याचा अर्थ कमाल मर्यादा असा लावणाऱ्याचा गैरसमज तेवढा दूर होतो.

बौद्ध आणि नैयायिक यांच्यात बियाण्यावरून झालेला वाद इथे उपयोगी पडतो. कणगीत पडलेले बी उगवत नाही, शेतात पेरलेले उगवते. क्षणिकवादी बौद्धांच्या मते अंकुर देणारे बी हे त्या क्षणाचे वेगळेच बी असते. नैयायिक म्हणतात, बी तेच. कणगीत त्याला स्वरूपयोग्यता, म्हणजे अंगची पात्रता, आहे, पण माती, पाणी, ऊब हे सहकारी नाहीत. दगडाला माती-पाणी दिले तरी तो उगवणार नाही, कारण त्याच्याकडे स्वरूपयोग्यताच नाही.

सांख्य आणि न्याय यांच्या भांडणातून वाट निघते ती इथे. वाढीव वेगाची स्वरूपयोग्यता चिपबरोबर विकत येते आणि ती चिपपरत्वे कमीजास्त असते. तो वेग प्रत्यक्षात येणे मात्र सहकाऱ्यांवर अवलंबून असते, आणि बेताच्या पैशांत भाग निवडणे म्हणजे मुख्यतः हे सहकारी निवडणे.

सहकाऱ्यांची निवड

बसचा वेग बदलला की फक्त प्रोसेसरच नव्हे, त्या घड्याळावर चालणारे सगळेच भाग ओढले जातात. १९९८च्या ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर पीसीआय या जोडकार्डांच्या वाटेचा वेग बसला भागून ठरे: ६६ला दोनने, १००ला तीनने. दोन्ही वेळा उत्तर ३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे पीसीआयचा नेमून दिलेला वेग. ग्राफिक्स कार्डाच्या एजीपीलाही १००च्या दोन-तृतीयांश, म्हणजे ६६ मिळत. पण बस मधल्या ८३वर ठेवली तर भागाकार दोननेच होई आणि पीसीआय साडेएक्केचाळीसवर जाई. हार्ड डिस्कचा कंट्रोलर त्याच वाटेवर असल्याने फायली बिघडण्याची भीती. ३७५ मेगाहर्ट्झचा सावध दिसणारा मधला पर्याय धोक्याचा आणि ४५०चा धाडसी दिसणारा पर्याय निर्धोक, असा उलटा न्याय. मर्यादा पाळली गेली की नाही, हे एका भागाकडे पाहून कळत नाही. प्रोसेसर मर्यादेबाहेर जात असताना बाकीच्यांची मर्यादा शाबूत ठेवतो तो मदरबोर्ड चांगला.

यातून खर्चाचा क्रम निघतो. आधी बोर्ड: वेग आणि व्होल्टेज बदलू देणारा, आणि प्रोसेसरला वीज पुरवणारे त्यावरचे घटक तापून न जाणारे. मग रॅम: १०० मेगाहर्ट्झच्या बसला पीसी१०० दर्जाची रॅम लागे, जुनी ६६ची तिथे गळपटे. मग एसएमपीएस: भार वाढला तरी व्होल्टेज पडू न देणारा. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसच्या अंगावर छापलेल्या वॅटवर विसंबून राहू नये. शेवटी कूलर आणि कॅबिनेटमधली हवेची वाट. साखळी जशी सर्वांत कच्च्या कडीवर तुटते, तसा संगणक सर्वांत दुबळ्या सहकाऱ्यापाशी अडतो.

काटकसरीची मर्यादाही इथेच आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण सहसा न पसरण्यासाठी वापरली जाते. पण तिच्यात अंथरुणाचे माप घेण्याचा आदेशही आहे. स्वस्त चिप आणि महाग चिप यांच्या किमतीतला फरक हे या व्यवहाराचे अंथरूण. वेग वाढवण्यासाठी घेतलेला बोर्ड, कूलर आणि एसएमपीएस यांचा जादा खर्च त्या फरकापेक्षा वर गेला, तर महाग चिप सरळ विकत घेणे शहाणपणाचे. सेलेरॉनच्या वेळी फरक ५२० डॉलरचा होता, म्हणून हिशेब जमला.

स्वरूपयोग्यतेपलीकडे सहकारी काही करू शकत नाहीत, याचे उदाहरण २०१४चे आहे. इंटेलने पेंटियम जी३२५८ हा गुणक मोकळा असलेला प्रोसेसर ७२ डॉलरला आणला. मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ, आणि बऱ्याच चिप्स ४च्या पुढे जात. एका वेळी एकच काम करणाऱ्या कार्यक्रमांत तो महाग चिप्सना भारी पडे. पण त्यात कोअर दोनच आणि एका वेळी चालणाऱ्या आज्ञाधाराही दोनच. त्याच वर्षअखेर आलेला फार क्राय ४ हा गेम अशा प्रोसेसरवर मुळात सुरूच होत नसे. वेग वाढवून कोअर वाढत नाहीत. भाग निवडताना आधी ज्याची उणीव नंतर भरून निघणार नाही ते पाहावे: कोअरची संख्या, कॅश. जे ताणता येते त्याचा विचार त्यानंतर.

खात्री कशी करायची

वेग वाढवल्यावर संगणक सुरू झाला, पडदा उजळला, म्हणजे तो स्थिर आहे असे होत नाही. हा प्रमाणांचा प्रश्न आहे. एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून कळते, यावर नैयायिकांचे उत्तर परतः प्रामाण्याचे: त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती यशस्वी झाली तर ते खरे. दुरून दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे तहान भागल्यावर कळते. प्राइम९५सारखा कार्यक्रम हेच करतो. तो प्रोसेसरला अवजड गणिते करायला लावतो आणि येणारी उत्तरे आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहतो. एक आकडा चुकला की तो वेग नापास. चोवीस तास एकही चूक झाली नाही, तर वेग पास समजण्याचा प्रघात पडला.

इथे फक्त प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकाचा आक्षेप उभा राहतो. चोवीस तास चूक झाली नाही यावरून पंचविसाव्या तासाचे अनुमान कसे करायचे? पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांविषयी व्याप्ती, म्हणजे अटळ संबंधाचा नियम, बांधणे हे त्याच्या मते साहस आहे. चाचणी डिसेंबरच्या रात्री झाली असेल तर मे महिन्याच्या दुपारी खोलीतली हवाच वेगळी असते. आक्षेप तर्काने पूर्ण मिटत नाही. कंपनीची स्वतःची मोहरही शेवटी तपासणी आणि सुरक्षित अंतर यांवरच उभी असते. म्हणून जाणकार सापडलेल्या सर्वोच्च वेगावर संगणक ठेवत नाहीत, त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली उतरतात. हे उतरणे म्हणजे अज्ञानाला दिलेली जागा.

किती जागा द्यायची, हे कामावर ठरते. गेम अर्ध्यात बंद पडला तर पुन्हा सुरू करता येतो. हिशेबाच्या वहीत एक अंक मुकाट्याने बदलून डिस्कवर गेला तर तो महिनोन्‌महिने सापडत नाही. धर्मशास्त्रात एकच कर्म एकाला विहित आणि दुसऱ्याला निषिद्ध असू शकते, त्याला अधिकारभेद म्हणतात. खेळाच्या संगणकाला जो अधिकार आहे तो दुसऱ्यांच्या पैशांचा किंवा औषधांचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकाला नाही, कारण तिथे जोखीम उचलणारा आणि लाभ घेणारा एकच माणूस नसतो.

दडलेला वेग कोणाचा

जुन्या सिलिकॉनच्या या व्यवहाराला फसवणुकीचीही बाजू होती. १९९०च्या दशकात काही व्यापारी कमी वेगाच्या चिपवरचा आकडा घासून त्या जागी मोठा आकडा छापत आणि जास्त दराने विकत. गुणकाला कुलूप घालण्याचे एक कारण कंपन्यांनी हेच सांगितले. पण त्याच कुलपाने स्वस्त आणि महाग माल वेगळा ठेवण्याचा धंदाही सांभाळला जाई. २०००च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉन चिप्सच्या पृष्ठभागावर एल१ नावाचे बारीक पूल होते. ते कारखान्यात तोडलेले असले तर गुणक बंद राही. लोक साध्या शिसपेन्सिलीने त्या तुटक्या पुलांवर रेघ ओढत; ग्रॅफाइटमधून वीज वाहते, पूल जुळतो, गुणक मोकळा होतो.

याच्या उलट टोकाचा प्रयोग २०१० साली झाला. इंटेलने पेंटियम जी६९५१ या प्रोसेसरमध्ये काही कॅश आणि एका कोअरवर दोन आज्ञाधारा चालवणारी हायपर-थ्रेडिंग ही सोय मुद्दाम बंद ठेवली आणि ५० डॉलरचे कार्ड घेणाऱ्याला सांकेतिक क्रमांकाने ती उघडून दिली. त्यावर बरीच टीका झाली. ग्राहकाने चिप विकत घेतली, तर चिपमध्ये असलेले सगळे त्याचे झाले, की फक्त आश्वासन दिले तेवढेच?

सोळाव्या शतकाच्या आसपासचे नवद्वीपचे नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणी यांनी पदार्थतत्त्वनिरूपणात वैशेषिकांच्या पदार्थांच्या यादीत काही नवे पदार्थ घातले. त्यांत शक्तीही होती आणि स्वत्व, म्हणजे मालकीही. इच्छेप्रमाणे वापरता येणे म्हणजे मालकी, ही सोपी व्याख्या त्यांना पुरली नाही. कारण दुसऱ्याचे अन्नही खाता तर येतेच, ते खाऊ नये असे म्हणण्यासाठी आधी ‘दुसऱ्याचे’ म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते. चिपच्या बाबतीतही वापरता येणे आणि मालकीचे असणे वेगळे काढावे लागते. विकत घेतलेल्या वस्तूचे स्वरूप, आणि त्याबरोबर त्याची योग्यता, ग्राहकाकडे जाते. म्हणून पेन्सिलीची रेघ चोरी ठरत नाही. विक्रेत्याचे आश्वासन मात्र छापलेल्या वेगापुरतेच असते. त्यापलीकडे चिप जळाली तर वॉरंटी मागणे हे न दिलेल्या शब्दावर हक्क सांगणे होय. आणि वाढवलेला वेग मूळचा म्हणून तिसऱ्याला विकणे ही तर उघड फसवणूक, कारण तिथे स्वरूप तेच ठेवून आप्तवाक्य बनावट केले जाते.

आजच्या चिपची मोहर

छापलेला वेग आणि चिपची योग्यता यांतली दरी आज बरीच बुजली आहे. एएमडीने २०१७पासून रायझन मालिकेतल्या बहुतेक डेस्कटॉप चिप्सचे गुणक मोकळे ठेवले; मात्र त्याच वर्षीच्या बी३५० चिपसेटच्या बोर्डवर ते वापरता येत, स्वस्तातल्या ए३२०वर येत नसत. दोन्ही कंपन्यांच्या चिप्स त्याआधीपासूनच स्वतःचे तापमान आणि प्रवाह क्षणोक्षणी मोजून, वाव असेल तेवढा वेग आपणच वाढवू लागल्या होत्या. पूर्वी चिकटपट्टी लावणारा जे शोधत असे, ते आता चिपच शोधते, आणि हाताने मिळणारा फायदा थोडा उरला.

त्याबरोबर मोहरही बदलली. सेलेरॉनवर एकच आकडा होता, ३००. रायझन ५ १६००वर दोन आले: खात्रीचा ३.२ गिगाहर्ट्झ आणि कमाल ३.६. दुसऱ्या आकड्याला अट जोडलेली असते: कूलर पुरेसा असेल, वीज पुरेशी असेल, भार बेताचा असेल तर. पहिला आकडा आप्ताचे आश्वासन, दुसरा सहकाऱ्यांवर सोडलेला. नैयायिकांनी बियाण्याविषयी जे सांगितले तेच आता खोक्यावर छापून येते. स्वस्त चिप घेताना दुसरा आकडा वाचायचा आणि उरलेले पैसे त्याच्या अटींवर खर्च करायचे.